ताराबाई की रमाबाई: आधी कोणाचं पुस्तक?

सोलापुरातल्या आमच्या भिशीतल्या वहिनींना जुन्या काळातल्या बायकांचं लेखन वाचायचंय. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ आधी घ्यावी की रमाबाई रानड्यांच्या ‘आठवणी’, यावर त्या अडल्यात.

पानं मोजली तर ताराबाईंचं पुस्तक छोटं. पण भाषा १८८२ ची, वाक्यं लांबच लांब, दम लागतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवरच चिखलफेक झाली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. तरी त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

रमाबाईंचं १९१० चं पुस्तक बरंच मोठं, पण घरगुती बोलीमुळे सरसर वाचून होतं. नवऱ्याकडून, म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांकडून, शिकताना घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांनी सोसले. लेखनाचा केंद्रबिंदू मात्र न्यायमूर्तीच.

रोज दुपारी चार पानं वाचायची असतील, सासूबाईंनाही ऐकवायची असतील, तर रमाबाई. भिशीत वाद घालायचा असेल, तर ताराबाईच. सावकाश, मोठ्यानं वाचा.