होमग्रुप दिसेना, आणि ६,४९९ रुपये गेले

आमच्या घरी दोन कॉम्प्युटर होते, दोन्हींवर विंडोज ७. होमग्रुप, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरनी आपसात फाइल्स वाटून घ्यायची विंडोजमधली सोय, केलेला होता, त्यामुळे फोटो इकडून तिकडे सहज जायचे. त्यातला एक बंद पडला म्हणून मुलीसाठी विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला. त्यात होमग्रुप कुठेच सापडेना. उरलेल्या जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरवर मात्र तो होता. मला वाटलं, नव्या लॅपटॉपमध्येच बिघाड आहे.

इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो दिसला तो लावला. ती जाहिरात होती, हे मी पाहिलंच नाही. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलत होता. आधी लॅपटॉपवर आणि मग डेस्कटॉपवर त्याने दुरून स्क्रीन चालवायचं अ‍ॅप टाकायला लावलं. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ टाइप करून ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असं लिहिलेला रकाना दाखवला. म्हणाला, "मॅडम, हे परदेशी हॅकर तुमच्या नेटवर्कमध्ये घुसलेत, म्हणून होमग्रुप उडालाय." माझे हातपाय गार पडले. यूपीआयने ६,४९९ रुपये पाठवले. नाव कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

फाइल्स दिसू लागल्या, हेही खरं. पण आठवड्याने भाचा आला, त्याने तपासलं आणि तो गप्पच झाला. डेस्कटॉपचा अख्खा सी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला, म्हणजे नेटवर्कवरच्या कुणालाही, खुला. पासवर्डची अट काढलेली, बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल बंद. लॅपटॉपवर एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाइल्स शेअर करायची जुनी पद्धत, चालू केलेलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीवरून, म्हणून नव्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद ठेवलेली असते. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, तेव्हा तिची गरजही नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे त्या अ‍ॅपमध्ये कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता. आम्ही झोपेत असताना तो फोनवरचा माणूस केव्हाही आत येऊ शकला असता.

होमग्रुप मायक्रोसॉफ्टनेच २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकला. कुणी हॅकर नाही, काही बिघाड नाही. आणि ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता, एवढंच. कोणत्याही धडधाकट कॉम्प्युटरवर तो रकाना दिसतो.

भाच्याने अर्ध्या तासात फुकट काम केलं. ते अ‍ॅप काढलं, एसएमबी १ बंद केलं, फायरवॉल लावली. डेस्कटॉपवर पासवर्डचं वेगळं खातं उघडून फक्त फोटोंचा फोल्डर शेअर केला. आता लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वर \\ आणि पुढे डेस्कटॉपचं नाव लिहिलं, ते खातं दिलं, की फोल्डर उघडतो. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून डेस्कटॉपचं इंटरनेटही त्याने राउटरवरून तोडलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण आठवडा उलटून गेल्यावर. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं घडलं तर आधी इंटरनेटची वायर काढा आणि त्याच मिनिटाला १९३० लावा.