टॉम आणि जेरीचा जुना संच : चित्र उत्तम, निवेदनाची उणीव

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका दुकानातून टॉम आणि जेरीच्या जुन्या लघुपटांचा डीव्हीडी संच घेतला. चित्र स्वच्छ आहे आणि संगीत तर कान तृप्त करणारे. मात्र तिसऱ्याच लघुपटाला नातीने विचारले, "आजोबा, या बाईंचा चेहरा का दाखवत नाहीत?" पडद्यावर जाड पाय, घसरलेले मोजे, सपाता आणि उगारलेला झाडू एवढेच होते. १९४० पासून दिसणारी ही कृष्णवर्णीय मोलकरीण म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतील ठोकळेबाज चित्रण होय. लिलियन रँडॉल्फ या गुणी अभिनेत्रीने तिला आवाज दिला, परंतु पुढे १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही लघुपटांत तिच्या जागी गोरी स्त्री रेखाटण्यात आली, म्हणजे चित्रणातला दोष मान्य करण्याऐवजी ती व्यक्तिरेखाच पुसून टाकली गेली, हे मला अधिक खटकते. स्फोटानंतर टॉमचा चेहरा काळा पडतो, त्या कृष्णवर्णीयांची थट्टा करणाऱ्या विनोदावरही मुले नकळत हसतात. लघुपटांना कात्री लावू नये, असेच माझे मत आहे. पण आरंभी किंवा वेष्टनावर अशा चित्रणाविषयी खुलासा करणारे चार ओळींचे निवेदन हवे होते, ते या संचात कुठेही नाही. लहान मुलांसोबत घरातील मोठ्यांनी बसूनच तो पाहावा.