हरभऱ्यासाठी द्रवरूप रायझोबियम : एका हंगामाचा अनुभव

गेल्या रब्बीत कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून हरभऱ्यासाठी द्रवरूप रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणू खताची, अर्ध्या लिटरची बाटली आणली. आदल्या वर्षी एका दुकानदाराने सोयाबीनच्या जिवाणू खताचे पाकीट ‘सगळ्याला चालतं’ म्हणून हाती दिले होते, तेही पत्र्याखालच्या उकाड्यात महिनोन्‌महिने पडलेले. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू वेगळा आणि हरभऱ्याचा वेगळा, त्यामुळे ते पैसे वाया गेले यात नवल नाही. या बाटलीवर पिकाचे नाव, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि जिवाणूंची संख्या स्पष्ट छापलेली होती. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खतांचा समावेश झाला. त्या आदेशानुसार द्रवरूप रायझोबियममध्ये प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे. भुकटीसाठी ही अट प्रति ग्रॅम ५ कोटींची आहे.

किलोला १० मिलिलिटर या प्रमाणात बियाणे चोळून सावलीत सुकवले आणि त्याच दिवशी पेरले. भुकटी बियाण्याला चिकटवायला लागते तसे गुळाचे पाणी करावे लागले नाही, ही मोठी सोय. दोन तुकड्यांत पेरणी केली आणि दोन्हीकडे चार-चार ओळी मुद्दाम बीजप्रक्रियेविना ठेवल्या.

पंचेचाळिसाव्या दिवशी रोपे मुळांसकट अलगद खणून काढली. जिथे कित्येक वर्षे फक्त ऊस होता, त्या तुकड्यात प्रक्रिया केलेल्या रोपांच्या मुख्य मुळावर गाठींचे घोस होते आणि नखाने फोडल्यावर त्या आतून गुलाबी निघाल्या. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. गाठ हवेतला नत्र बांधते आहे, याची ती खूण. शेजारच्या कोऱ्या ओळींत मात्र जेमतेम एक-दोन फिकट गाठी होत्या. दुसऱ्या तुकड्यात, जिथे वर्षाआड हरभरा असतो, तिथे दोन्ही ओळींत काहीच फरक दिसला नाही. मातीत आधीच ठाण मांडून बसलेले जिवाणू नव्यांना मुळाशी सहज जागा देत नाहीत, त्यामुळे याचा दोष बाटलीला देता येणार नाही.

तक्रार एकच. रासायनिक बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावून जिवाणू शेवटी लावावेत, ही सूचना इतक्या बारीक अक्षरात आहे की मला ती चष्मा लावूनही दोनदा वाचावी लागली.

यंदा हरभऱ्याच्या जुन्या तुकड्यासाठी बाटली आणणार नाही. कपाशीनंतर पहिल्यांदाच हरभरा घ्यायचा आहे, त्या रानासाठी मात्र नक्की आणणार आहे.