मंडळी सांभाळून डी. मिन.: बीड जिल्ह्यातील एका पाळकाचा अभिप्राय

बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) नंतर काही वर्षे मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, काढलेल्या आणि पुढे शिकू पाहणाऱ्या पाळकापुढे दोन वाटा असतात. डी. टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) किंवा पीएच. डी. ही अध्यापकाची वाट असून तिच्यासाठी बहुधा मंडळी सोडून सेमिनरीच्या (पाळकांना शिकवणाऱ्या संस्थेच्या) आवारात राहावे लागते, डी. मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) ही पदवी मात्र सेवाकार्यात असलेल्यांसाठीच आखलेली असल्यामुळे तिच्या प्रवेशाला साधारणपणे किमान ३ वर्षांच्या अनुभवाची अट असते. राज्याबाहेरील एका सेमिनरीचा असा अभ्यासक्रम मी काम न सोडता पूर्ण केला.

त्याचा कणा म्हणजे प्रकल्प-प्रबंध. आपल्याच मंडळीतील एखादा प्रश्न घ्यायचा, पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) आधारे त्याचा विचार करायचा, काही उपाय प्रत्यक्ष करून पाहायचा आणि त्यातून काय साधले हे तपासायचे. माझा विषय समोरच होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडील ऊसतोड कुटुंबे मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावरच (कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावरच) परततात, त्यामुळे नाताळात मंडळीतील कर्ती माणसे फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, असतात. तिथे उसाची गाडी केव्हाही भरावी लागते, म्हणून उपासनेची वेळ जाहीर करून उपयोग नसतो. रात्रीच्या भाकरी झाल्यावर कोपीच्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीच्या) दारात जे जमतील त्यांनाच प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यावे लागते. याचे वर्णन मी पानेच्या पाने लिहिले होते. मार्गदर्शकांनी समासात एवढेच विचारले, ‘मुकादम कोणत्या मंडळीत बसतो?’ तो आमच्याच मंडळीत, पहिल्या रांगेत बसतो. उचलीच्या कर्जाविषयी व्यासपीठावरून कधीच का बोलले जात नाही, हे प्रबंधातले प्रकरण त्या प्रश्नातून उभे राहिले आणि माझ्या मते सगळी फी तिथेच वसूल झाली.

बाकी सेवा यथातथाच होती. ग्रंथालयाची सूची घरबसल्या दिसे, पण ग्रंथ आवाराबाहेर उघडत नसत. मुलाखती मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत, या व्यवस्थेत फडावरच्या बायकांचे बोलणे पार सपाट होऊन जाते. निदान मूळ मुलाखती परिशिष्टात मराठीतच ठेवू द्यायला हव्या होत्या.

प्रवेशापूर्वी संलग्नता तपासावी. सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेने मिळाला, १९१८ च्या कायद्याने तो पक्का झाला, आणि त्याच्या सिनेटशी अनेक सेमिनऱ्या संलग्न आहेत. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्याही आहेत. पैसे भरले की झग्यासकट मिळणाऱ्या मानद डॉक्टरेटचा सुळसुळाट आमच्या भागातही आहे आणि सत्काराच्या फलकावर मानद आणि अभ्यासाने मिळवलेली अशा दोन्ही सारख्याच दिसतात.

संपर्क सत्रे (सेमिनरीत प्रत्यक्ष हजर राहण्याचे वर्ग) कधी असतात, हेही आधी विचारावे. आमच्या सेमिनरीने एक सत्र डिसेंबरच्या तोंडावर ठेवले होते. मराठवाड्यातील पाळकाला पावसाळ्यात, पेरण्या आटोपल्यावर निघणे सोपे जाते, कारण तेव्हा माणसे गावात असतात आणि उपासना चालवायला चर्चचे वडील (एल्डर) हाताशी असतात.