कालक्रमाने बायबल: वर्षभराच्या वाचन-योजनेचा अनुभव

बायबलच्या अ‍ॅपमध्ये वाचन-योजना पैशाला पासरी मिळतात. मी वापरली ती कालक्रमाने लावलेली. पुस्तकं छापील क्रमाने न देता घटना जशा घडल्या तसे अध्याय पुढे येत जातात. मी संडे स्कूलला मोठ्या मुलांना शिकवते आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ही 66 पुस्तकं मिळून एकच गोष्ट आहे असं तुम्ही म्हणता, पण वाचताना तसं कुठे वाटतं? प्रश्न रास्त आहे. योजना निवडताना माझ्या डोक्यात तोच होता.

राजे आणि संदेष्टे यांच्या बाबतीत ही योजना लाजवाब आहे. छापील बायबलमध्ये 2 राजे (म्हणजे राजांचं दुसरं पुस्तक) संपवून यशया संदेष्ट्याच्या पुस्तकापर्यंत पोचायला इतिहास, एज्रा, ईयोब, स्तोत्रं असं सगळं ओलांडावं लागतं. तोवर यहूदाचा राजा हिज्कीया कोण हेच विसरायला होतं. इथे त्याच्यावर अश्शूरच्या राजाने, सन्हेरीबाने, केलेली स्वारी आणि यशया शेजारी शेजारी. हाग्गय आणि जखऱ्या हे संदेष्टे थेट एज्राच्या पाचव्या अध्यायाला लागून येतात, म्हणजे मंदिराचं बांधकाम रखडलेलं असताना हे दोघं लोकांच्या मागे का लागले होते ते लगेच कळतं.

पण मला खरी हाताला लागली ती यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाची जागा. निर्गमाच्या चाळिसाव्या अध्यायात परमेश्वराच्या तेजाने निवासमंडप, म्हणजे मंदिराआधीचा उपासनेचा तंबू, भरतो आणि मोशेलाही आत पाऊल टाकता येत नाही. 1 राजे 8 मध्ये शलमोनाच्या मंदिरात तेच: ढग उतरतो, याजकांना सेवेला उभं राहवत नाही. मग यहेज्केल 10 आणि 11. तेज करूबांवरून, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांवरून, उठतं, उंबरठ्याशी येतं, पूर्वेच्या दाराशी थांबतं आणि शेवटी शहर सोडून पूर्वेकडच्या डोंगरावर जाऊन उभं राहतं. हे इतकं सावकाश घडतं की जाणाऱ्याचा पाय निघत नाहीये असं वाटावं. आणि थोड्याच दिवसांच्या वाचनानंतर 2 राजे 25 येतो, इ.स.पू. 586 ची यरुशलेमच्या मंदिराची ती जाळपोळ. क्रमाने वाचल्यावर लक्षात येतं की बाबेलच्या सैन्याने जाळलं ते आधीच रिकामं झालेलं घर होतं. पुढे एज्रामध्ये नव्या मंदिराचा पाया घातला जातो तेव्हा जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडतात. सहाव्या अध्यायात अर्पण-सोहळा होतो. बैल, मेंढे, कोकरं यांचे आकडे आहेत, पण ढग उतरल्याचा उल्लेख नाही. तो न उतरलेला ढग मनात घेऊन योहानाचा पहिला अध्याय वाचा. देहधारी होऊन आपल्यात वस्ती करणारा शब्द आणि आम्ही त्याचं तेज पाहिलं ही साक्ष. ख्रिस्ती वाचकाला एकच गोष्ट दिसते ती अशा ठिकाणी. प्रकटीकरण 21 मध्ये तर नव्या नगरीत मंदिरच नाही, कारण देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच तिचं मंदिर.

हे मात्र अ‍ॅप तुम्हाला सांगत नाही. संदर्भांचे दुवे नाहीत. अब्राहाम मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला घेऊन मोरिया देशात जातो ते तुम्ही जानेवारीत वाचता. मंदिर मोरिया डोंगरावर बांधलं हे 2 इतिहास 3:1 मध्ये येतं, कित्येक आठवड्यांनी. मोरिया हे नाव अख्ख्या बायबलमध्ये या दोनच जागी आहे आणि दुवा नसल्यामुळे ते सहज हातचं निसटतं. समासात संदर्भ असलेलं छापील बायबल शेजारी ठेवावंच लागतं.

आता खटकलेलं. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी केलेल्या व्यभिचाराच्या प्रकरणानंतर योजना स्तोत्र 51 देते, ते योग्यच. स्तोत्राच्या मथळ्यातच दावीदाला जाब विचारणाऱ्या नाथान संदेष्ट्याचा उल्लेख आहे. पण त्याच ओघात 1 इतिहास 20 ही येतो. तिथेही दावीद यरुशलेमात मागे राहतो, त्याचा सेनापती यवाब राब्बा शहर घेतो, आणि बथशेबाबद्दल चकार शब्द नाही. इतिहासाच्या पुस्तकाच्या लेखकाने ती बाब वगळली ही केवढी मोठी गोष्ट! योजनेत मात्र तो अध्याय नुसती पुनरुक्ती वाटून बोट पुढे सरकतं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचीही तीच गत. बाप्तिस्मा मत्तयातून, मग मार्कातून, मग लूकातून. मार्काची धावती लय तुटते, लूकाची सावकाश मांडणी विस्कटते. चार साक्षीदारांची एकत्र मोट बांधली की एकाचाही आवाज नीट ऐकू येत नाही. एकच गोष्ट म्हणजे एकच निवेदक नव्हे, हे योजना करणाऱ्यांना मान्य नसावं.

योएल आणि ओबद्या या संदेष्ट्यांची पुस्तकं कधीची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ईयोबाचंही तसंच. योजना त्यांना बिनदिक्कत एकेका जागी बसवते, खुलाशाची एक ओळही नाही. प्रेषितांची कृत्ये आणि पत्रं यांची सांगड मात्र झकास जमली आहे: पौल करिंथात पोचतो आणि लगेच थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एकूण 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला सरासरी तीनहून थोडे जास्त. त्यातले 929 जुन्या करारात, त्यामुळे जानेवारीत सुरुवात केलीत तर नवा करार उघडेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. तोवर धीर धरवत नसेल तर ही योजना तुमच्यासाठी नाही. कॅथलिक वाचकांनाही ती अपुरी पडेल. त्यांच्या बायबलमधली मक्काबींची पुस्तकं इथे नसल्यामुळे जुन्या करारातल्या शेवटच्या मलाखीनंतर थेट शुभवर्तमान. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, पण गणनामधल्या वंशावळ्या वाचणारा गडी स्वतःच कंटाळलेला वाटतो. आणि राहिलेले दिवस लाल रंगात साचत जातात, ते भयंकर. देवाच्या वचनाची थकबाकी कसली दाखवता?

पाचपैकी साडेतीन. बायबल एकदा छापील क्रमाने वाचून झालं असेल तर जरूर घ्या. पहिल्यांदाच वाचणार असाल तर आधी लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग वाचा, मग इकडे वळा. शुभवर्तमानांच्या आठवड्यांत अ‍ॅप बंद ठेवून चारही एकेक करून वाचलीत तरी काही बिघडत नाही. नंतर त्या दिवसांवर एकदम खूण करता येते. आठवण करून देणारी सूचना सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करा, ती पहाटे पाचला वाजते.