थ्रीडी प्रिंटचा ओनिक्स, नाशिकमध्येच बनवून घेतलेला

आधी निकाल सांगतो, बाकीचं मग. घ्या. मानेचं काम थोडं कच्चं आहे, शिंगावर अजून मेहनत हवी होती, सांगितलेल्या दिवशी मिळत नाही, हे सगळं खरं, पण ८५० रुपयात एवढा मोठा आणि हातात घेतल्यावर खरंच दगडाचा वाटणारा ओनिक्स मी तरी दुसरीकडे बघितला नाही. ऑनलाईन शोधायला गेलं की पिकाचू, पिकाचू आणि परत पिकाचू, फार तर चारीझार्ड. दगडवाल्या पोकेमॉनला कोणी विचारत नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओनिक्स म्हणजे पोकेमॉनमधला ९५ नंबरचा, मोठमोठे धोंडे एकापुढे एक जोडून बनलेला साप, रॉक आणि ग्राउंड टाईप, लांबी ८.८ मीटर, वजन २१० किलो. १९९६ ला जपानमध्ये पहिले दोन गेम आले, रेड आणि ग्रीन, तेव्हापासून आहे. पहिल्याच जिममध्ये (गेममधला लढाईचा अड्डा) तिथला प्रमुख ब्रॉक त्याला बाहेर काढतो, त्यामुळे गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिला मोठा धक्का यानेच दिलेला असतो, त्यातून आगवाला चारमँडर घेऊन सुरुवात केली असेल तर विचारूच नका.

आता खेळण्याकडे येतो. हे बनवणारा मुलगा अंबडला कंपनीत जॉब करतो आणि घरी दोन प्रिंटर लावलेत, संध्याकाळी आणि रात्री ते चालू असतात. दुकान नाही, बोर्ड नाही, नाव नाही, ओळखीतून ऑर्डर घेतो. भाचा चौथीत आहे, त्याच्या वाढदिवसासाठी घेतला (खरं तर दोघांसाठी घेतला, ताईला माहितीये ते). हे ऑफिशियल खेळणं नाहीये हे आधीच सांगून ठेवतो, कोणत्यातरी फॅनने बनवलेली डिझाईन फाईल आहे, कंपनीचा शिक्का वगैरे काही नाही, ज्यांना कलेक्शनसाठी ओरिजिनलच पाहिजे त्यांनी हा विचार सोडून द्या.

रंगावर मात्र मनापासून बोलायचंय. साधा ग्रे प्लास्टिक घेतला असता तर तो दगड न वाटता पाईप वाटला असता. त्याने मार्बल नावाचं फिलामेंट (प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार) वापरलंय, म्हणजे पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिकच असतं पण त्यात काळे ठिपके मिसळलेले, त्यामुळे दोन फायदे होतात, एक तर दगडाचा फील येतो आणि दुसरं म्हणजे थ्रीडी प्रिंटच्या त्या आडव्या रेषा असतात ना एकावर एक थर बसल्याच्या, त्या ठिपक्यांमध्ये हरवून जातात, हातभर लांबून तर दिसतही नाहीत. मी त्याला विचारलं की भाऊ पूर्ण काळा होईल का, तर म्हणे होईल पण रेषा जास्त उठून दिसतील. तरीही पुढच्या वेळी काळाच घेणार. कारण गेममधल्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीकोशात, लिहिलंय की ओनिक्स जसा वाढत जातो तसे त्याचे दगड हिऱ्यासारखे टणक होतात, फक्त रंगाने काळे. आणि नाशिकच्या माणसाला दगड म्हटलं की काळाच डोळ्यासमोर येतो, पांडवलेणी घ्या, काळाराम मंदिर घ्या, अंजनेरी घ्या, सगळीकडे तो बेसॉल्टच. करडा पांढरट दगड आपला नाहीच मुळी. भाच्याला सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला नेलं होतं, तिथे त्याने काळ्या बेसॉल्टच्या पोकळीत उगवलेले झिओलाइटचे स्फटिक बघितले आणि लगेच म्हणाला, मामा हा क्रिस्टल ओनिक्स आहे. कार्टूनमध्ये तो काचेसारखा ओनिक्स आलाय एका एपिसोडला, ऑरेंज आयलंडच्या वेळचा. त्याला तो आठवला याचा मला फार आनंद झाला.

आकार. डोकं मोठं, मग धोंडे हळूहळू लहान होत शेपटीकडे गेलेत, हे प्रमाण बरोबर जमलंय. कपाळावरचं शिंग आहे, डोळ्यांवरची ती रागीट कड आहे, जबडा मात्र बंद आहे, उघडत नाही. एक गोष्ट बऱ्याच जणांना खटकेल, धोंडे जरा जास्तच गुळगुळीत आणि गोल झालेत, धारदार कोपरे नाहीत. ताई पण म्हणाली की दगड म्हणजे खडबडीत पाहिजे ना रे. पण रुबी-सफायर या गेमच्या पोकेडेक्समध्ये सरळ लिहिलंय की वय होईल तसं ओनिक्सचं अंग गोल आणि गुळगुळीत होत जातं, त्यामुळे माझ्या मते हा म्हातारा ओनिक्स आहे आणि बनवणाऱ्याने मुद्दाम केलं असेल नसेल, बसलंय एकदम बरोबर. फक्त हनुवटीखाली प्रिंट करताना जे आधार लावतात ते तोडल्याचे खरखरीत डाग राहिलेत, तिथे बोट फिरवलं की टोचतं. बारीक सँडपेपर मारला की जातात, पण ते त्याने मारून द्यायला पाहिजे होतं, लहान मुलाच्या हातात जाणारी वस्तू आहे.

आता सगळ्यात भारी भाग. डोकं मानेला लोहचुंबकाने जोडलंय, एक छोटं चुंबक डोक्यात आणि एक पहिल्या धोंड्यात. बाकी सगळे जॉइंट बॉल आणि खोबणीचे आहेत. म्हणजे डोकं काढता येतं, फिरवता येतं. आणि पोकेडेक्सप्रमाणे ओनिक्सच्या मेंदूत खरंच चुंबक असतं, जमिनीखाली बोगदा खणत जाताना दिशा चुकू नये म्हणून ते होकायंत्राचं काम करतं! मी बनवणाऱ्याला हे सांगितलं तर त्याला माहीतच नव्हतं, त्याने फक्त डोकं फिरावं म्हणून लावलं होतं. घरी आल्यावर भाच्याने डोकं काढलं, शिंगाला आईचा शिवणाचा दोरा बांधला आणि पंखा बंद करून लटकवलं. आधी ते दोऱ्याच्या पिळाने गरगर फिरलं, मग सावकाश होत होत इकडे तिकडे डोलत थांबलं, तोंड दक्षिणेला. धक्का देऊन परत सोडलं तरी परत दक्षिणेलाच. मोबाईलच्या कंपासने चेक केलं, तो सुद्धा लांब धरून, नाहीतर चुंबकाने मोबाईलच गंडतो. पोरगं तासभर दुसरं काही करत नव्हतं, शाळेत चुंबकाचा धडा झालाय पण असं कुणी दाखवलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी पैसे वसूल समजतो.

पण याच चुंबकाबद्दल पालकांना हात जोडून सांगतो, घरात अगदी लहान मूल असेल, तोंडात वस्तू घालणारं, तर हा चुंबकवाला घेऊच नका. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या भागातून एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनपर्यंत वेळ येऊ शकते, ही खूप गंभीर गोष्ट आहे. आमच्याकडचं एक चुंबक किंचित हलत होतं, मी ते परत चिकटवून वरून पुट्टी भरून घेतली. चुंबकाशिवायचा पण बनवून देतो तो, डोक्याला साधा जॉइंट असलेला, लहानग्यांसाठी तोच सांगा.

मानेची तक्रार. ओनिक्स म्हटलं की कशी पोज आठवते, अंग वर उचललेलं, डोकं आभाळात, खाली समोरचा पोकेमॉन एवढासा. तीच पोज याला जमत नाही. डोक्यामागचे जॉइंट सैल आहेत आणि डोकं जड, त्यामुळे वर उचललं की हळूहळू मान टाकतं. मी बराच वेळ घालवून एक उपाय काढला, शेपटीकडून वेटोळं घट्ट घालायचं, मधला एक जाड धोंडा खाली टेकवायचा (त्याचा बुड जरा सपाट आहे) आणि मग पुढचे चारच धोंडे उचलायचे, तेवढा उभा राहतो आणि दिसतो पण रुबाबदार. पाचवा उचलला की गेला. जॉइंट थोडे घट्ट प्रिंट केले असते तर हे झालंच नसतं, फाईलमध्ये किंचित साईज बदलायची असते फक्त, हे मी त्याला सांगितलंय आणि त्याने मान्य पण केलंय.

वजनाची गंमत सांगतो, मला स्वतःला यात फार मजा आली. खेळणं ४४ सेंटीमीटरचं आहे, खरा ८.८ मीटर, म्हणजे बरोबर विसावा भाग. लांबी विसावा झाली की वजन २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८००० ने कमी व्हायला पाहिजे. २१० किलोला ८००० ने भागा, २६ ग्रॅम येतात. ताईच्या किचनमधल्या काट्यावर खेळणं ठेवलं तर १८० ग्रॅम! आतून पोकळ जाळीचं प्लास्टिक असून. उलटा हिशोब केला तर खरा ओनिक्स १४४० किलोचा पाहिजे, तो सुद्धा प्लास्टिकचा धरून. २१० किलोत बेसॉल्टचा जेमतेम ४१-४२ सेंटीमीटर बाजूचा एक ठोकळा होतो, बास. तीन मजली बिल्डिंगएवढा साप आणि एका ठोकळ्याचं वजन. आणि गोलेम हा दुसरा दगडी पोकेमॉन फक्त १.४ मीटरचा असून ३०० किलोचा दाखवलाय, ओनिक्सपेक्षा जड. गेम बनवणाऱ्यांनी ओनिक्सवर वजनातही अन्याय केलाय आणि ताकदीतही. त्याचा अटॅक ४५ आहे, पिजीचा पण ४५. त्या एवढ्याशा पाखराएवढा! एचपी, म्हणजे अंगातला जीव, ३५, पिकाचूएवढाच. पण डिफेन्स बघा, १६०, पहिल्या १५१ मध्ये त्याच्या वर फक्त क्लॉयस्टर आहे १८० ला. म्हणून मला तो आवडतो, तो मारणारा नाहीच मुळी, तो समोर उभा राहून मार झेलणारा आहे. ब्लॅक अँड व्हाइट गेमपासून, म्हणजे २०१० पासून, स्टर्डी अ‍ॅबिलिटी (त्याच्या अंगचा खास गुण) बदलली आणि एचपी फुल असेल तर एका फटक्यात तो पडतच नाही, १ एचपीवर टिकतो, तेवढ्यात स्टेल्थ रॉक, म्हणजे समोरून नंतर येणाऱ्यांना लागणारे दगड, टाकून घ्यायचं. बऱ्याच टीममध्ये एवढं एक काम पुरेसं होतं.

खेळणंही तसंच निघालं. डायनिंग टेबलवरून फरशीवर पडलं, मोठा आवाज झाला, सगळे धावले. शेपटीजवळचा एक जॉइंट निखळला होता, टक करून दाबला की बसला, तडा कुठेच नाही. शिंगाला पण काही झालं नाही, पण शिंगाचं टोक बारीक आहे आणि थर आडवे आहेत, त्यामुळे कधीतरी ते थरातूनच तुटणार असं वाटतं. शिंग वेगळं, आडवं झोपवून प्रिंट करून चिकटवलं तर टिकेल.

पाणी लागलं तर काही होत नाही, ओला कपडा मारून पुसता येतो. गेममध्ये मात्र रॉक आणि ग्राउंड दोन्ही असल्याने पाणी आणि गवत दोन्ही त्याला चौपट लागतं, उलट इलेक्ट्रिक अजिबात लागत नाही, तरी कार्टूनमध्ये स्प्रिंकलरने भिजल्यावर पिकाचूचा शॉक त्याला लागलाच, त्यावरून भाच्याचे आणि माझे अजून वाद चालू आहेत. उन्हाचं मात्र खरंच जपा. पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत डॅशबोर्डवर सहज तेवढं तापतं. बनवणाऱ्याने हे देतानाच सांगितलं, बरं केलं. गरम पाण्याने पण धुवू नका.

उशिराचं कारण लाईट. मधेच लाईट गेली आणि अर्धं डोकं प्रिंट होऊन राहिलं, ते फेकून परत सुरुवातीपासून लावावं लागलं. त्याची चूक नाही पण वाढदिवसाची ऑर्डर असेल तर आठवडाभर आधीची तारीख सांगा, आणि ऑर्डर देतानाच तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या, मानेचे जॉइंट घट्ट, शिंग वेगळं प्रिंट, हनुवटी घासून. पुढच्या गिऱ्हाईकाला त्याने या तिन्ही करून दिल्यात, मी बघितलाय तो पीस, त्याची मान सहा धोंडे उचलते.

आता तो स्टीलिक्सची, म्हणजे ओनिक्सच्या पुढच्या रूपाची, फाईल शोधतोय, चकचकीत सिल्व्हर फिलामेंट त्याच्याकडे आलंय. स्टीलिक्स ९.२ मीटर, ४०० किलो, ओनिक्सला मेटल कोट नावाची वस्तू देऊन दुसऱ्या खेळाडूशी ट्रेड केला की होतो. त्याचा सगळा दरारा त्या जबड्यात आहे, म्हणून मी सांगून ठेवलंय, जबडा उघडणारा असेल तरच माझी ऑर्डर धर.