ऑक्टोबर, गार भिंत आणि रेडिएटरवरचा थर्मोस्टॅट: तीन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

स्टुटगार्टमध्ये आम्ही ज्या भाड्याच्या घरात राहतो ती इमारत १९६०च्या दशकातली आहे, तिचा बॉयलर तळघरात आहे आणि तीन खोल्या व न्हाणीघर मिळून आमच्याकडे चार रेडिएटर, म्हणजे बॉयलरचे गरम पाणी आतून फिरून खोली तापवणारी उपकरणे, आहेत. २०२२च्या शरद ऋतूत गॅसच्या दरांनी सगळ्यांचीच झोप उडवली होती, सरकारी कार्यालयांत १ सप्टेंबरपासून १९ अंशांची मर्यादा लागू झाली होती, आणि त्याच धास्तीने मी रेडिएटरांवरच्या हाताने फिरवायच्या जुन्या मुठी काढून त्या जागी बॅटरीवर चालणारे, वेळापत्रक लावता येणारे इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट बसवले. कंपनीचे नाव देत नाही, कारण नगाला २५ युरोच्या आसपास मिळणारी ही यंत्रे आतून बरीचशी सारखीच असतात आणि मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. थंडी लागू लागली की हीटिंग नेमके कधी सुरू करायचे, या दरवर्षीच्या प्रश्नाला या यंत्राचा उपयोग होतो का, एवढेच मला येथे मांडायचे आहे. उपयोग होतो, आणि चांगला होतो. मात्र यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

जर्मनीत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा हीटिंगचा हंगाम मानण्याची पद्धत आहे. या काळात भाडेकरूला दिवसा राहत्या खोलीत २० ते २२ अंश तापमान मिळवता आले पाहिजे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते आणि तशी सोय ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी असते. याचा अर्थ तळघरातला बॉयलर तयार असतो, एवढाच. खोलीतला रेडिएटर उघडायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि येथील मराठी घरांतून ऑक्टोबरभर याच विषयावर चर्चा चालू असते. आपल्याकडे ऑक्टोबर म्हटले की ऑक्टोबर हीट आठवते. येथे कोजागरीचे दूध गॅलरीत घेऊन उभे राहिले तर दोन मिनिटांत त्यावर साय धरते. तरीही पहिले दोन आठवडे ‘अजून स्वेटरवर भागते आहे’ असे म्हणून हीटिंग लांबणीवर टाकण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. आम्हीही पहिली काही वर्षे असेच करत होतो. दर वर्षी जितके दिवस निघतील तितके काढायचे आणि ती बचत समजायची.

ही समजूत चुकीची आहे, हे मला आईने दाखवून दिले. ती साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. खोलीतल्या थर्मामीटरवर १९ अंश दिसत होते आणि मी तिला आकडा दाखवून सांगत होतो, की एवढ्यात हीटर लावायची गरज नाही. तिने आकड्याकडे पाहिलेही नाही. उठून कपाटाशेजारच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाली, “अरे, हवा गार नाही, भिंत गार आहे. तू इथं हात लावून बघ.” मी हात लावला. भिंत ओल्या पाटीसारखी गार होती, आणि कपाट थोडे पुढे ओढल्यावर मागच्या कोपऱ्यात बुरशीचे करड्या ठिपक्यांचे जाळे दिसले.

या एका गोष्टीत हीटिंग कधी सुरू करायचे याचे बरेचसे उत्तर आहे. आपल्या अंगातली ऊब भोवतालच्या हवेत जाते, तशीच ती समोरच्या गार पृष्ठभागांकडेही सतत जात असते. म्हणून हवा १९ अंश असली तरी भिंत १३ अंशांवर उतरली, तर माणसाला थंडी वाजते. बुरशीचे गणितही भिंतीवरच ठरते. खोली २० अंश असेल आणि हवेतील आर्द्रता ५० टक्के असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली गेल्यावर तेथे बुरशी धरण्याची शक्यता निर्माण होते. हाच आकडा जर्मन बांधकाम मानकांत आधाराला घेतलेला आहे. आपल्या घरांत ही आर्द्रता ५० टक्क्यांवर क्वचितच थांबते. सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या, वरण-भाताची वाफ, दारे-खिडक्या बंद करून घातलेली अंघोळ आणि आतच वाळत घातलेले कपडे यांनी ती सहज ६५ टक्क्यांवर जाते, आणि अशा हवेत भिंत साडेसोळा अंशांच्या आसपास असतानाच धोका सुरू होतो. एकदा पूर्ण गारठलेली जुनी भिंत पुन्हा उबदार व्हायला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ रेडिएटर भरपूर तापत असूनही घरातल्यांना थंडीच वाजत राहते. म्हणून खोली आणि भिंत पूर्ण गारठण्याआधीच थोडीशी ऊब चालू ठेवावी, हे माझे आजचे मत आहे.

यंत्राचा खरा उपयोग येथे होतो. जुन्या मुठीच्या आत द्रव किंवा मेण भरलेली एक डबी असते. खोली तापली की ते फुगते, व्हॉल्व्हची पिन आत ढकलली जाते आणि गरम पाण्याची वाट बंद होते. हे तत्त्व आजही उत्तम आहे. मुठीवरचा ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि पुढे-मागे प्रत्येक आकड्याला चार अंशांचा फरक पडतो. अनेकांना वाटते की ५ वर फिरवले की खोली लवकर तापते. तसे होत नाही; खोली त्याच वेगाने तापते, फक्त २८ अंश होईपर्यंत थांबत नाही. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट हीच पिन छोट्या मोटारीने आत-बाहेर करतो, पण वेळ पाहून. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी चारही यंत्रांवर वेळापत्रक लावून ठेवतो: बैठकीच्या खोलीत सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते १० या वेळात २० अंश, एरवी १८, मुलीच्या खोलीत तिची झोपेची वेळ सोडून १९, झोपायच्या खोलीत १७. त्यानंतर ‘आज लावायचे का’ हा प्रश्न घरात उरत नाही. दुपारी ऊन आले आणि खोली आपोआप २१ झाली, तर व्हॉल्व्ह बंदच राहतो. पहाटे बाहेर ५ अंश झाले आणि आत १८ च्या खाली उतरले, तर तो स्वतः उघडतो. हंगामाची सुरुवात कॅलेंडरवरच्या तारखेने न होता प्रत्येक खोलीच्या तापमानाने होते. आमच्याकडे उत्तरेची खोली दक्षिणेच्या खोलीच्या तीन आठवडे आधी ऊब मागते, हे मला या यंत्रांमुळेच प्रथम लक्षात आले.

आता यंत्राच्या उणिवा. त्याचा तापमान मोजणारा भाग रेडिएटरला चिकटून असल्यामुळे तो खोलीपेक्षा जास्त आकडा दाखवतो, आणि पुढे पडदा असेल तर आणखीच जास्त. मी खोलीच्या मध्यावर, बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा दहा युरोचा थर्मामीटर ठेवला, दोन दिवस दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि यंत्रात दीड अंशाची वजावट लावली. ही वजावट लावल्याशिवाय या यंत्राबद्दल कोणतेही मत बनवू नये. त्या थर्मामीटरवर आर्द्रताही दिसते, हे महत्त्वाचे आहे, कारण थर्मोस्टॅटला आर्द्रता अजिबात कळत नाही.

खिडकी उघडल्याचे ओळखून व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय जाहिरातीत ठळकपणे छापलेली असते. ती जानेवारीत नीट चालते, कारण बाहेर शून्य अंश असताना खिडकी सताड उघडली की तापमान धाडकन पडते. ऑक्टोबरमध्ये बाहेर १३ आणि आत १९ असताना ते इतक्या सावकाश उतरते, की यंत्राला खिडकी उघडी आहे हे उमगतच नाही. उलट खोली गार होते आहे असे समजून ते रेडिएटर आणखी उघडते. म्हणजे ज्या ऋतूत आपण सर्वांत जास्त वेळ खिडक्या उघड्या ठेवतो, त्याच ऋतूत ही सोय निरुपयोगी ठरते. आम्ही शरद ऋतूत दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडतो आणि त्याआधी यंत्र हातानेच बंद करतो.

दुसऱ्या वर्षी मोठी अडचण आली ती मुलीच्या खोलीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रेडिएटर गरम झाले आणि चौथा दगडासारखा गार राहिला, पण यंत्राच्या पडद्यावर सगळे सुरळीत दिसत होते. सगळेच रेडिएटर गार असते तर बॉयलर अजून उन्हाळी स्थितीत आहे असे समजता आले असते. बाहेरची हवा उबदार असेपर्यंत बॉयलर खोल्यांकडे पाणी पाठवतच नाही, आणि तेव्हा थर्मोस्टॅट कितीही उघडा असला तरी काहीही होत नाही. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असता तर आत हवा अडकली आहे असे म्हणता आले असते. एकच रेडिएटर पूर्ण गार, याचा अर्थ पिन अडकली होती. आमच्या इमारतीच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाने, थर्मोस्टॅट काढला, आतली बोटभरही नसलेली पितळी पिन दाखवली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने व्हॉल्व्हच्या कडेला हलकेच दोन-तीनदा ठोकले; टक् असा आवाज होऊन पिन तीन मिलिमीटर बाहेर आली आणि लगेच पाइपातून पाणी वाहण्याचा आवाज सुरू झाला. त्याने मला बजावून सांगितले, की ही पिन पकडीने कधीही ओढायची नाही, कारण ती निघून आली तर खोलीभर पाणी होते. चूक माझी होती. बॅटऱ्या वाचाव्यात म्हणून मी मे महिन्यात त्या काढून ठेवल्या होत्या, आणि ही यंत्रे आठवड्यातून एकदा पिन आत-बाहेर करून ती मोकळी ठेवतात, ती क्रियाच त्यामुळे बंद पडली होती. जुन्या हाताच्या मुठी असतील तर त्या उन्हाळाभर ५ वर उघड्या ठेवाव्यात, हा नियमही याच कारणासाठी आहे.

मोटारीचा आवाज बारीक असतो, पण पहाटे पाचच्या शांततेत तो ऐकू येतो, आणि ज्याची झोप सावध आहे त्याला नक्की जाग येते.

खर्चाबद्दल बोलायचे तर, येथे केंद्रीय हीटिंगच्या खर्चापैकी ५० ते ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या वापराप्रमाणे वाटला जातो आणि उरलेला बहुधा घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. त्यामुळे आपण वाचवलेली ऊब बिलात पूर्ण उतरत नाही. खोलीचे तापमान एका अंशाने कमी ठेवले तर सुमारे ६ टक्के ऊर्जा वाचते असे येथे सांगितले जाते; आमच्याकडे बिलातली वापराची एकके कमी झाली, ती मुख्यतः दुपारी रिकाम्या घरात रेडिएटर चालू राहणे थांबल्यामुळे. चार यंत्रांवर घातलेले शंभर युरो भरून निघाले, असे मी समाधानाने सांगू शकतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कपाटामागचा कोपरा पुसून रंगवल्यानंतर तेथे बुरशी परत आलेली नाही.

ज्यांच्या घरात फरशीखालून हीटिंग आहे त्यांना ही यंत्रे बसवता येणार नाहीत. रेडिएटर असतील तर विकत घेण्याआधी जुनी मूठ काढून आटे पाहावेत. बहुतेक ठिकाणी ३० मिलिमीटरचे आटे असतात आणि यंत्र थेट बसते, इतर व्हॉल्व्हसाठी प्लास्टिकचा जोड लागतो, तो डब्यात आहे की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. बसवायला प्रत्येकी दहा मिनिटे लागतात आणि पाणी बंद करावे लागत नाही. काढलेल्या जुन्या मुठी जपून ठेवाव्यात, कारण घर सोडताना घरमालक त्या मागतो. आमच्या झोपायच्या खोलीत मी गेल्या हिवाळ्यात त्यांतलीच एक परत बसवली आणि ती २ वर ठेवली. तेथे आता आवाज नाही, आणि पहाटे १६ च्या खाली पारा उतरत नाही.